पाचवा पर्याय

“…आणि मग त्या बाईने कोणता दिवस धरावा?”

शके एकोणीसशे चव्वेचाळीस, माघ महिना, शिशिर ऋतू. करंजवेळ बंदरावरचे सकाळचे धुके नुकतेच विरळ झाले होते, आणि द्वारकाबाई घैसासांच्या ओटीवर निरंजन उकिडवे हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारीत होता.

बाई भिजवलेले वाल सोलीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

द्वारकाबाई म्हणजे येथील शाळेतील गणिताच्या बाई. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी ‘घटिका’ नावाचे एक पंचांग संगणकावर रचले. तिथी, सूर्योदय, भरती-ओहोटी आणि घरातील गेलेल्या माणसांचे वार्षिक दिवस, एवढेच ते सांगे. ते कोणालाही फोनवर विनामूल्य घेता येई. त्याचे आतील सारे गणित उघडे ठेवलेले होते; कोणीही पाहावे, चूक काढावी, सुधारणा सुचवावी. त्या सुधारणेस मूळ प्रतीत जागा द्यावी की न द्यावी, हे मात्र बाई ठरवीत.

निरंजन हा त्यांचा विद्यार्थी. आता पुण्यास मोठ्या हुद्द्यावर होता, आणि सुटीच्या दिवशी घटिकेचे काम करी. शाळेत त्याचा पहिला क्रमांक कधी हुकला नव्हता, आणि तो हुकला नव्हता ही गोष्ट तो अद्याप विसरला नव्हता.

“कोणता दिवस धरावा, असे ती कोणाला विचारते आहे?” बाईंनी विचारले.

“घटिकेला.”

“म्हणजे आपल्याला.”

“म्हणूनच तर आलो आहे, बाई. मी पर्याय रचून आणले आहेत.”

प्रश्न विचारणारी सुगंधा खालच्या खारवीवाड्यातील होती. मागल्या वैशाखात तिचा नवरा दशरथ लाँच घेऊन मासेमारीस गेला आणि वादळात सापडला. लाँचेची एक फळी किनाऱ्यास लागली. दशरथ लागला नाही. आता वर्ष भरत आले होते. घटिकेत सुगंधेने त्याचे नाव घातले, तेव्हा घटिकेने तिथी विचारली. तिथी तिला ठाऊक नव्हती. कोणालाच ठाऊक नव्हती.

निरंजनाने फोन पुढे केला. काचेवर चार गोल होते, आणि प्रत्येकापुढे नेटक्या अक्षरांत एकेक ओळ.

“घर सोडले तो दिवस. शेवटचा शब्द आला तो दिवस. शोध थांबला तो दिवस. ज्याला जो पटेल त्यावर त्याने बोट ठेवावे.”

“आणि चौथा?”

“‘मागाहून ठरवू.’”

“मागाहून कोण ठरवील?”

“तीच.”

“हं…”

एक वाल बाईंच्या बोटांतून निसटून ओटीवर घरंगळला. त्यांनी तो उचलला, पुसला, आणि वाटीत टाकला.

“नको,” त्या म्हणाल्या.

“का?”

“चहा घेशील?”

निरंजनास राग आला. तथापि बाईंपुढे राग गिळून बसावे लागते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते.

“बाई, आपण कोण ठरवणार? ही मोकळी प्रणाली आहे. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. लोकांना निवड देणे यात वाईट ते काय?”

“मागल्या खेपेसही तू हेच म्हणालास. तुझे ते सेटिंगचे पान उघड पाहू.”

त्याने उघडले. पान बोटाने वर सारावे तो खाली आणखी निघे.

“हे पान आहे की रुखवत?” बाई म्हणाल्या. “वरपक्षाने नुसते बघत पुढे जावयाचे. खाली काय आहे ते? तिथी सूर्योदयाची दाखवावी की चालू घटकेची दाखवावी?”

“तो तुम्हीच घातलेला पर्याय आहे.”

“हो, माझाच. कराडचे जोगदेव आणि बेळगावचे हुद्दार भांडले. दोघेही विद्वान, दोघेही माझ्या घरी जेवलेले. एकाला बरोबर म्हणावे तर दुसरा दुखावतो. मी भित्री. म्हणून दोघांचेही ठेवले.”

“मग मिटले की!”

“काही मिटले नाही. दोघांनी एकमेकांशी बोलणे टाकले. जोगदेव वारले. हुद्दारांना आता दिसत नाही. आणि आज घटिका घेणारे प्रत्येक नवे माणूस त्या दोघांच्या भांडणापुढे बोट वर करून उभे राहते… त्याला बिचाऱ्याला भांडण कोणाचे, हेही ठाऊक नसते.”

निरंजन हसला. बाई हसल्या नाहीत.

---

तेवढ्यात पायऱ्यांवर काठीचा आवाज झाला.

“घैसासबाय हायत काय?”

जानकीबाई, दशरथाची आई, वर आली. मागे सुगंधा होती. म्हातारीने काखेतला नारळ काढून ओटीवर ठेवला.

“तुमच्या घरात म्हावरं चालत नाय, म्हनून नारळ आनलाय,” ती म्हणाली. “पन म्हावऱ्याच्या टोपलीतनंच आनलाय हां! पयलंच सांगते, मागाहून बाटलं म्हनायला नको.”

“धुऊन घेईन,” बाई म्हणाल्या. “बसा, जानकीबाई.”

“बसायला नाय आले. ही सून म्हनते, उकिडव्यांचा झील पुन्याहून आलाय, त्याच्याकडं दिवस हाय. म्हटलं बघूया. पुन्यात काय काय मिळतं!”

निरंजनास हा टोमणा लागला. परंतु प्रसंग आपल्याला अनुकूल आहे, असेही त्याला वाटले. ज्यांच्यासाठी पर्याय रचले ती माणसेच समोर होती. त्याने बाईंकडे एकवार पाहिले आणि फोन सुगंधेच्या हाती दिला.

“वहिनी, हे पाहा. घाई नाही. तुम्हांला जो दिवस योग्य वाटेल त्यावर नुसते बोट ठेवायचे. कोणाची जबरदस्ती नाही.”

सुगंधेने वाचले. ओठ हलत होते. मग ती हळू म्हणाली, “मामांजी म्हनतात, बंदर सोडलं तो धरायचा. त्या दिवशी त्यांनीच नारळ सोडला होता पान्यात.”

“बरे. आणि तुम्ही?”

“मला फोन आला होता ना त्यांचा… तिसऱ्या दिवशी. वारा लय हाय, म्हनाले. पोराला झोपवलंस का, म्हनाले.”

“मग दुसऱ्या गोलावर—”

“लाव!”

जानकीबाईची काठी ओटीवर आपटली.

“लाव गो बोट! लाव नि सांग साऱ्या बंदरास, माझा लेक कंच्या दिवशी मेला तो! मला, जिनं जन्म दिला तिला ठाव नाय. समुद्राला ठाव नाय. तुला ठाव हाय, तर लाव!”

सुगंधेचे बोट काचेवर होते. काचेस लागलेले नव्हते. मध्ये कागद सरकावा एवढे अंतर होते.



तिने फोन पदराने पुसला, आणि दोन्ही हातांनी निरंजनास परत दिला.

“दादा, ऱ्हावू दे,” ती म्हणाली.

दोघी पायऱ्या उतरून गेल्या. सून पुढे होती, सासू मागे. जाताना एकमेकींशी बोलत नव्हत्या.

---

बाई पुन्हा वाल सोलू लागल्या.

निरंजन विचार करीत होता. शाळेतही अवघड गणित पडले की तो असाच पाटीकडे पाहत बसे, आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळे. तसाच तो आता उजळला.

“बाई, आले ध्यानात! एक पाचवा पर्याय हवा.”

बाईंचे हात थांबले.

“‘ही व्यक्ती हयात मानावी.’ त्या म्हातारीसाठी. म्हणजे एकाच घरात सासऱ्याच्या फोनवर एक, सुनेच्या फोनवर दुसरा, सासूच्या फोनवर पाचवा. कोणी कोणाशी भांडावयाचे कारणच नाही!”

“…एकाच घरात.”

“हो!”

“एकच माणूस. सासऱ्याच्या फोनवर एका दिवशी मेलेला, सुनेच्या फोनवर दुसऱ्या, आणि आईच्या फोनवर जिवंत.”

“प्रत्येकाच्या भावनेचा मान राहतो, बाई.”

“निरंजन,” बाई म्हणाल्या, “तू त्या मुलीचे बोट पाहिलेस की फोन पाहिलास?”

 उत्तर न सुचणे ही ज्याला सवय नाही, त्याच्या तोंडून अशा वेळी जे निघू नये ते निघते.

“माफ करा, बाई, पण आज स्पष्टच बोलतो,” तो म्हणाला. “यात तत्त्व वगैरे काही नाही. मुकुंदाचा दिवस तुम्हांला स्वतःला ठरवता येत नाही, म्हणून तुम्ही साऱ्या जगाला पर्याय नाकारता.”

बोलून झाल्यावर ते शब्द त्याला ऐकू आले.

मुकुंद हा बाईंचा एकुलता मुलगा. निरंजनाचा सोबती, एका बाकावर बसलेला. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तो हिमालयात गिरिभ्रमणास गेला. बरोबरची मुले परत आली. तो आला नाही. बाईंनी त्याचा दिवस कधी केला नाही, त्याचा फोटो भिंतीवर लावला नाही, आणि गावाने त्यांना कधी विचारले नाही. निरंजनानेही विचारले नव्हते.

बाईंनी वाटी बाजूस ठेवली. हात पदराला पुसले.

“होय,” त्या म्हणाल्या.

“बाई, मला तसे—”

“होय, तुझे खरे आहे. मला ठरवता येत नाही. ग्रहणाची वेळ मी हाताने काढीत असे. अमावास्या कधी लागते, कधी संपते, हे मी पळापर्यंत सांगते. पण हा एक दिवस मला ठरवता येत नाही…” त्या थांबल्या. “जे मला झेपत नाही, ते तू सुगंधेच्या बोटावर ठेवणार होतास?”

निरंजन खाली पाहू लागला.

“तुझा फोन दे.”

त्याने दिला. बाईंनी चष्मा लावला. सावकाश, एकेक अक्षर शोधून, त्यांनी एक नाव घातले, आणि फोन त्याच्या गुडघ्यावर ठेवला. काचेवर वरती ‘मुकुंद’ असे होते. खाली निरंजनाचे चार गोल होते.

“निवड,” बाई म्हणाल्या.

“मी?”

“तू त्याचा मित्र. निवड. कोणाची जबरदस्ती नाही.”

घर सोडले तो दिवस. त्या दिवशी एस्.टी.च्या खिडकीतून मुकुंदाने निरंजनाची टोपी पळवली होती, आणि ‘आल्यावर देतो’ असे ओरडला होता.

शेवटचा शब्द आला तो दिवस. तेव्हा बाईंकडे फोन नव्हता. मुकुंदाचा फोन उकिडव्यांच्या घरी आला, आणि तो निरंजनानेच उचलला. “आईला बोलव, लवकर बोलव,” एवढेच मुकुंद म्हणाला. निरंजन धावत गेला. बाई पदर सावरीत, अनवाणी आल्या. त्यांनी फोन कानाला लावला, तेव्हा त्यात नुसती खरखर होती.

शोध थांबला तो दिवस. ती बातमी सांगावयास घरात कोणी पुढे होईना, म्हणून निरंजनाचे वडील बाईंच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत आले होते.

बोट काचेच्या वर होते. मध्ये कागद सरकावा एवढे अंतर.

…

फोनची काच आपोआप काळी झाली. निरंजनास तीत स्वतःचा चेहरा दिसला.

“मला नाही जमणार, बाई.”

“मोकळी प्रणाली आहे,” बाई म्हणाल्या. “ज्याला जे हवे ते…”



खाली बंदरावर कोणी जाळे झटकीत होते. त्याचा फटफट आवाज वर येत होता.

“मग ठरवायचे कोणी?” निरंजनाने विचारले. या वेळी त्याच्या आवाजात पहिला क्रमांक नव्हता.

“ज्याने प्रश्न रचला, त्याने.”

“आणि चुकले तर?”

“चुकेलच. बरोबर उत्तर समुद्राखाली आहे.”

“मग?”

“मग चुकीला निदान पत्ता असेल.”

“तर ठरवा ना, बाई. आज ठरवा. मी आत्ता लिहून टाकतो.”

बाईंनी वाटी पुन्हा ओढली. एक वाल घेतला. तो सोललेलाच होता. तरी त्या नखाने साल शोधीत राहिल्या.

“मला थोडा वेळ दे,” त्या म्हणाल्या.

परीक्षेची घंटा झाल्यावर ज्या बाईंनी कधी कोणाला ओळ पुरी करू दिली नाही, त्यांच्या तोंडून हे शब्द निरंजनाने त्या दिवशी प्रथम ऐकले.

---

निरंजनाने आपले चार पर्याय मागे घेतले. घटिकेचे काम करणाऱ्या गटातील मंडळींस ते रुचले नाही. कोणी म्हणाले, घैसासबाई हट्टी आहेत. कोणी म्हणाले, निरंजन फितला. घटिकेचे गणित उघडेच होते. काहींनी ते उचलून वेगळी चूल मांडली, आणि त्यांच्या पंचांगात त्यांनी सात पर्याय ठेवले. बाईंनी त्यांना भरती-ओहोटीच्या गणितातील एक चूक आपण होऊन कळवली. त्यांनी आभार मानले नाहीत.

वैशाख आला.

सुगंधेच्या सासऱ्याने बंदर सोडल्याचा दिवस पाळला. तिसऱ्या दिवशी सुगंधा पोट दुखते म्हणून जेवली नाही. का जेवली नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते. जानकीबाईने दोन्ही दिवस बांगड्याचे कालवण केले, दशरथाचे ताट मांडले, आणि ते निवेपर्यंत त्यापुढे बसून राहिली. त्या घरी रडणे कोणाचेच झाले नाही. रडावयाचे तर कोणत्या दिवशी, याचाच मेळ बसला नाही.

हे सारे निरंजनास पुण्यात कळले. त्याने बाईंना फोन केला.

“बाई, ठरले का?”

“वेळ दे.”

ज्येष्ठ गेला. आषाढ गेला. त्या वर्षी श्रावण अधिक होता. वाट पाहणेही एका महिन्याने लांबले. निरंजनाने पुढे विचारणे सोडले. फोन करी तेव्हा तो प्रकृतीची चौकशी करी, आणि बाई पावसाची हकिकत सांगत.

भाद्रपदाचा वद्य पक्ष सरत आला, तेव्हा एके दुपारी त्याला कळले की घटिकेच्या मूळ प्रतीत बदल झाला आहे.

बदल एका ओळीचा होता. ज्या माणसाचा दिवस ठाऊक नाही, त्याचा दिवस सर्वपित्री अमावास्या. पुढे गोल नव्हते, निवड नव्हती, ‘मागाहून’ नव्हते.

अशा प्रत्येक बदलाखाली त्याचे कारण लिहावे, असा गटाचा रिवाज. निरंजनाने ती जागा उघडली. तेथे बाईंनी कारण लिहिले नव्हते. स्वतःचे संपूर्ण नाव लिहिले होते, आणि खाली करंजवेळच्या घराचा पत्ता.

तो त्याच संध्याकाळी निघाला.

---

अमावास्येच्या सकाळी बाईंचा फोन वाजला. तो रोज वाजे आणि तिथी सांगे.

बाईंनी चष्मा लावून पाहिले. मग चष्मा काढला, काच पुसली, पुन्हा लावला, पुन्हा पाहिले. निरंजन दारात उभा होता. त्याला ती अक्षरे तेथूनही वाचता आली.

‘आज : मुकुंद.’

“वाल भिजवले आहेत,” बाई म्हणाल्या. “सोलू लागतोस का?”

दोघे समोरासमोर बसून वाल सोलू लागले. बाईंनी बिरडे केले, वरणभात केला, आणि मागील परसात केळीच्या पानावर थोडे थोडे वाढून ठेवले.  वरणाचा थेंब पानाबाहेर पडला, तो त्यांनी पदराने टिपला.  

पान ठेवून दोघे ओटीवर आले, तोच पायऱ्यांवर काठी वाजली.

“कुठं हाय ती?”

जानकीबाई वर आली. केस सुटलेले होते. मागून सुगंधा धावत होती. तिच्या मुठीत फोन होता.

“कोनी सांगितलंन् तुला?” म्हातारी बाईंच्या पुढ्यात उभी राहिली. आज ‘बाय’ नव्हते, ‘तुम्ही’ नव्हते. “कोनी सांगितलंन्? हिच्या फोनवर आज माझ्या दशरथाचं नाव आलंय. माझा लेक बंदराला यायचा हाय. तू कोन गो त्याला अमावास्येस बसवनारी?”

“मी ठरवले, जानकीबाई,” बाई म्हणाल्या.

“तू? तू समुद्र बघितलायस का कधी? गुडघ्याएवढ्या पान्यात पाय घातलायस? आग लागो तुझ्या पंचांगाला!”

“आजी,” निरंजन पुढे झाला, “हे काही बाईंच्या मनचे नाही. ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांच्यासाठी पूर्वापार रूढीच आहे की—”

बाईंनी हात वर केला. निरंजन थांबला.

“रूढीचे नाव नको,” त्या म्हणाल्या. “मी ठरवले.”

मग जानकीबाईने जे तोंड सोडले ते येथे लिहिण्याजोगे नाही. बंदरावरच्या बायकांना शिव्यांची वाण नसते, आणि दीड वर्षाच्या साठवणीच्या त्या शिव्या होत्या. बाईंच्या विद्येला दिल्या, जातीला दिल्या, त्यांच्या कोरड्या ओटीला दिल्या, रिकाम्या घराला दिल्या. निरंजनाचे कान तापले. बाई मान खाली घालून, हात जोडून, सगळे घेत होत्या. वर्गात शिक्षा झालेली मुलगी उभी राहते तशा त्या उभ्या होत्या.

हळूहळू म्हातारीचा आवाज बसला. शब्द येईनात. ती पायरीवर बसली. काठी हातून सुटून खाली घरंगळत गेली.

आणि मग ती रडू लागली.

सुगंधा तिच्या शेजारी बसली. तिने सासूच्या पाठीवर हात ठेवला, आणि निरंजनाकडे पाहून, काहीतरी नवल घडावे तसे, हळूच म्हणाली, “आये रडली, दादा… आजपावेतो रडली नव्हती.” असे म्हणता म्हणता तिचेही डोळे भरले. दोघी एकमेकींना धरून बसल्या.

बाई उभ्याच होत्या.

बऱ्याच वेळाने जानकीबाईने नाक पुसले. परसातून अन्नाचा वास येत होता. तिने मान त्या दिशेला वळवली.

“तुझ्या मुकुंदाला काय केलंस?”

“वालाचे बिरडे.”

“…माझ्या दशरथाला वाल नाय आवडत,” म्हातारी म्हणाली.

“मग?”

“त्याला खापरोळी आवडते. गूळ घातलेल्या नारळाच्या रसातली.” ती सुनेच्या खांद्याला धरून उठली. “चल गो. नारळ हाय घरात? तुझा मामांजी जागा असंल तर त्यालाच फोडायला सांग.”

सुगंधेने खाली जाऊन काठी आणून दिली. पायऱ्या उतरताना या वेळी दोघी बरोबरीने उतरल्या. म्हातारी वाटभर काही सांगत होती, आणि सून ‘व्हय’, ‘व्हय’ करीत होती. वळणापलीकडे त्या दिसेनाशा झाल्या, तरी आवाज थोडा वेळ येत राहिला.

निरंजन घुसमटला होता. “बाई, आता तरी बोलू द्या. तिचे दुःख मला समजते. पण रिकाम्या घराचेसुद्धा तिने… आणि तुम्ही एका शब्दाने…”

बाई ओटीच्या काठावर बसल्या होत्या. त्यांचे डोळे कोरडे नव्हते.

घटिकेचा तो प्रश्न त्या दिवशी मिटला. शके एकोणीसशे पंचेचाळीस, भाद्रपद अमावास्या, शनिवार. वर्षा ऋतूचा शेवटचा दिवस. मूळ प्रतीत आजही ती एकच ओळ आहे, आणि तिच्याखाली ते नाव, तो पत्ता.

“बोलू दे रे तिला,” द्वारकाबाई म्हणाल्या. “मला इतकी वर्षे बोल कोणाला लावावा, तेच कळत नव्हते…”